आधी प्रश्न, मग फेलोशिप

पत्र : मी सांगलीत राहते. एमडी मेडिसिन झाले, आता जवळच्याच एका मेडिकल कॉलेजात सीनियर रेसिडेंट आहे आणि हे वर्ष संपत आलंय. ओपीडीपेक्षा मला वॉर्ड आवडतो. भरती झालेले पेशंट, सकाळचा राउंड, ज्युनियरना शिकवणं यात माझा दिवस चांगला जातो. अमेरिकेत ‘अ‍ॅकॅडेमिक हॉस्पिटल मेडिसिन’ अशी शाखाच आहे आणि त्यात जाणाऱ्यांसाठी दोन वर्षांची रिसर्च फेलोशिप असते, असं वाचलं, तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. सासऱ्यांचं तासगावला पंधरा खाटांचं हॉस्पिटल आहे, द्राक्षबागही आहे. ते म्हणतात, “अजून किती शिकणार? पेशंट बघायचे की पेपर लिहायचे?” नवरा ऑर्थोपेडिक सर्जन. तो म्हणतो, “तुझं तू ठरव.” खरं सांगायचं तर संशोधनातलं मला फारसं येत नाही. थीसिसचं स्टॅटिस्टिक्स पैसे देऊन करून घेतलं, आणि थीसिस अजून छापलेला नाही. एका अमेरिकन प्राध्यापकांनी वर्षभर बिनपगारी येण्याबद्दल कळवलंय. जाऊ का? आणि थीसिसचा डेटा जुना झालाय, तो आता छापून काही उपयोग आहे का?
— एक फिजिशियन, सांगली

उत्तर :

प्रिय डॉक्टर,

“तुझं तू ठरव” म्हणणारा नवरा आणि “अजून किती शिकणार” म्हणणारे सासरे, या दोघांच्या मध्ये सापडलेल्या डॉक्टर मुलींची पत्रं मला बरीच येतात. तुमच्या पत्रातली एक ओळ मात्र सहसा कुणी लिहीत नाही, ती स्टॅटिस्टिक्स विकत घेतल्याची. करतात पुष्कळजण. तुम्ही ते लिहिलंत, म्हणजे ते तुम्हाला खुपतंय. संशोधनाकडे वळणाऱ्या माणसाला एवढं खुपणं पुरेसं भांडवल आहे.

आधी अमेरिकेचं उरकून घेऊ. ‘हॉस्पिटलिस्ट’ हे नाव रूढ झालं ते रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लिहिलेल्या लेखापासून. बाहेरची प्रॅक्टिस न करता फक्त भरती पेशंट बघणारा फिजिशियन, असा त्याचा अर्थ. पुढे त्यातल्या ज्यांना कॉलेजात राहून शिकवायचं आणि संशोधन करायचं होतं, त्यांच्यासाठी एक-दोन वर्षांच्या फेलोशिप निघाल्या. थोड्या शिफ्ट वॉर्डात, उरलेला वेळ संशोधनाला, आणि बऱ्याच ठिकाणी जोडीला क्लिनिकल रिसर्चमधली मास्टर्स पदवी. वाचायला सुंदर आहे. पण ही दारं साधारणपणे तिथली रेसिडेन्सी, म्हणजे तिथलं पदव्युत्तर प्रशिक्षण, केलेल्यांसाठी उघडतात. तुमची इथली एमडी तिथे रेसिडेन्सी म्हणून धरली जात नाही. तिथल्या परवान्यासाठीच्या यूएसएमएलई परीक्षा, मॅचिंग म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांची वाटणी, तीन वर्षं रेसिडेन्सी आणि मग कुठे ती फेलोशिप. त्या देशात राहायचंच असेल तर जरूर जा, पण मग तो निर्णय फेलोशिपचा नाही, स्थलांतराचा आहे. घरी तो त्याच नावाने मांडा. इंग्लंडमध्ये ‘अ‍ॅकॅडेमिक क्लिनिकल फेलो’ची पदं आहेत, त्यात पाऊण वेळ रुग्णसेवा आणि पाव वेळ संशोधन अशी वाटणी असते. तिथेही रांग मोठी.

त्या प्राध्यापकांच्या पत्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे : त्या अटींवर जाऊ नका. अशा रिसर्च व्हिसावर पेशंटला हात लावता येत नाही. वर्षभर तुम्ही दुसऱ्याचा डेटा एक्सेलमध्ये भरणार, राहण्याखाण्याचा खर्च घरचा, आणि परत येताना हातात काय तर लेखकांच्या यादीतलं सातवं नाव. रेसिडेन्सीच्या मुलाखतीसाठी ओळख हवी म्हणून काहीजण हा सौदा करतात. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबर असतो. तुमचं उद्दिष्ट वेगळं आहे.

मग फेलोशिपमधून मिळतं तरी काय? माझ्या मते दोनच गोष्टी, आणि त्या दोन्ही इथे पैसे देऊन मिळत नाहीत. पहिली म्हणजे राखून ठेवलेला वेळ. आठवड्यातले ठरावीक दिवस तुम्हाला कॅज्युअल्टीतून फोन येणार नाही, विभागप्रमुख, म्हणजे एचओडी, “जरा एवढा राउंड घेऊन ये” म्हणणार नाहीत. दुसरी म्हणजे तुमचा मसुदा लाल करून परत पाठवणारा माणूस. एकदा नव्हे, दहादा. थीसिसच्या वेळी गाइडने सिनॉप्सिसवर सही करून “चांगलं आहे, पुढे जा” म्हटलं असेल, तर तुम्हाला हा अनुभव आलेलाच नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. युनिटमध्ये साठ पेशंट असताना कोणता गाइड बसून प्रत्येक वाक्य वाचणार?

म्हणून कुठल्याही फेलोशिपची जाहिरात दिसली की सर्टिफिकेटवर कुणाचं नाव आहे ते नंतर बघा. आधी त्याच विभागातून दोन-तीन वर्षांपूर्वी फेलोशिप करून बाहेर पडलेल्या कुणाला तरी गाठा आणि विचारा : आठवड्यात किती दिवस खरोखर मोकळे मिळाले? इमर्जन्सी ड्युट्या किती लागल्या? तुझा स्वतःचा प्रश्न होता की साहेबांच्या प्रोजेक्टवर लावलं? पहिलं नाव तुझं असलेले पेपर किती? आणि आता तू काय करतोस? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर “कॉर्पोरेट हॉस्पिटलात कन्सल्टंट” असं एकामागून एक सगळ्यांकडून आलं, तर ती फेलोशिप संशोधक घडवत नाही, कामाला स्वस्त हात मिळवते. आपल्याकडे आरोग्य विद्यापीठाच्या एक वर्षाच्या फेलोशिपही आहेत, पण त्या बहुतांशी क्लिनिकल कौशल्याच्या. अतिदक्षता शिकायची असेल तर उत्तम. त्यातून संशोधन शिकायला मिळेल अशी अपेक्षा धरू नका.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही : तुम्हाला काय शोधायचंय? फेलोशिप कुठली, किती वर्षांची, घरचे काय म्हणतात, सगळं आहे. प्रश्न नाही. प्रश्नाशिवाय गेलात तर पहिले सहा-आठ महिने प्रश्न शोधण्यात जातील आणि शेवटी तुम्हाला साहेबांचा प्रश्न दिला जाईल. प्रश्न इथेच, तुमच्या वॉर्डात पडलेला आहे. तो घेऊन जा.

एक उदाहरण देतो. तुमच्याकडे पावसाळ्यात शिराळा, जत, आटपाडीकडून सर्पदंशाचे पेशंट येत असतील. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठतंय का हे बघायला आपण वीस मिनिटांची चाचणी करतो. दोन मिली रक्त, स्वच्छ कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं न हलवता ठेवायची, मग तिरकी करून बघायची. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. आता एखाद्या रात्री दोन वाजता वॉर्डात उभं राहून ही चाचणी प्रत्यक्ष कशी होते ते बघा. काचेची नळी सापडत नाही म्हणून रक्त प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्येच ठेवलं जातं. नळी सापडली तर ती साबणाच्या पाण्याने धुतलेली असते. प्लॅस्टिकमध्ये किंवा साबण राहिलेल्या नळीत चांगलं रक्तही नीट गोठत नाही, आणि विष नसताना विष आहे असं वाटून एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या उताऱ्याच्या, दहा बाटल्या चढतात. वीस मिनिटं कुणी मोजली? इंटर्नने. त्याला मधेच दुसऱ्या पेशंटचं सलाइन लावायला बोलावलं होतं.

बघा, यात प्रयोगशाळा नाही, जनुकं नाहीत, कोट्यवधींचं यंत्र नाही. पण प्रश्न आहे : आपल्या वॉर्डात ही चाचणी किती वेळा बरोबर होते, आणि स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळ्यांचा एक डबा व भिंतीवर एक टायमर लावला तर काय फरक पडतो? हेच हॉस्पिटल मेडिसिनचं संशोधन. देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंश हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेला आजार करावा असं राज्यांना सांगितलं आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचा आराखडा काढला. तो आराखडा अखेर अशा एखाद्या नळीपाशी येऊन अडतो किंवा सुटतो.

अमेरिकेतल्या त्या शाखेचं गाजलेलं कामही याच जातीचं आहे. २०१४ साली बालरोग विभागांमधला एक अभ्यास छापून आला. त्यात नऊ हॉस्पिटलांतल्या रेसिडेंटनी ड्युटी बदलताना पेशंटची माहिती एकमेकांना कशी सांगायची याची ठरावीक पद्धत लावली. वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, टाळता येण्याजोग्या इजा ३० टक्क्यांनी. आपल्याकडे ही ‘ओव्हर’ कशी दिली जाते हे मी तुम्हाला सांगायला नको. जिन्यात, चहा पिताना, “सहा नंबर जरा बघ” एवढ्यावर.

आणि हे मोठ्या शहरातच होतं असंही नाही. बारामती तुमच्यापासून किती लांब? तिथल्या गिरिराज हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी औषध प्यायलेल्या, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेच्या, २०० पेशंटांवर चाचणी केली. प्रॅलिडॉक्सिम हा त्यावरचा उतारा, आपलं ‘पॅम’, दर चार तासांनी द्यायचं की सलग ४८ तास ठिबकत ठेवायचं? सलग दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, दुसऱ्या गटात ८ टक्के. २००६ साली ते ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलं. गोष्ट तिथे संपली नाही. २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत पॅम देऊन फायदा दिसलाच नाही, उलट मृत्यू थोडे जास्तच होते, अर्थात तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतपतच. आजही पॅमबद्दल वाद आहे. फवारणीच्या पट्ट्यात राहून असे पेशंट तुमच्याइतके बघणारे फिजिशियन जगात फार नसतील. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं विंचूदंशावरचं, प्राझोसिन या औषधाचं काम तर तुम्ही परीक्षेत लिहिलेलंच आहे. तेही कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरू झालं.

तेव्हा पुढच्या तीन महिन्यांत एवढं करा. असा एक प्रश्न निवडा आणि त्यासाठी जुने इंडोर पेपर, म्हणजे भरती पेशंटांची कागदपत्रं, काढा. एमआरडीतल्या, म्हणजे रेकॉर्ड विभागातल्या, माणसाशी चांगलं बोला, बाकी कुणाशी नाही बोललात तरी चालेल. पन्नास पेपर घेऊन बसलात की कळेल डेटा म्हणजे काय चीज आहे. भरतीची वेळ कॅज्युअल्टीच्या शिक्क्यावर असते, एएसव्ही सुरू केल्याची वेळ सिस्टरच्या चार्टवर, आणि कॅज्युअल्टीचं घड्याळ वॉर्डातल्या घड्याळापेक्षा पुढे असतं. काही पेपरवर इंजेक्शन पेशंट यायच्या आधी दिलेलं दिसेल. हे कुणीतरी पैसे घेऊन करून दिलेल्या मास्टर चार्टमध्ये, म्हणजे सगळ्या पेशंटांच्या एकत्रित तक्त्यात, कधीच दिसत नाही, कारण करून देणारा ते मुकाट्याने ‘दुरुस्त’ करतो. एक मात्र सांभाळा : नुसते जुने पेपर चाळायचे असले तरी एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. संमतीपत्रातून सूट मिळू शकते, कमिटीतून नाही. आणि पुढे नळ्यांच्या डब्याचा प्रयोग करायचा ठरवलात तर पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा. २०१८ पासून मागाहून नोंदणी चालत नाही.

स्टॅटिस्टिक्सची भीती अशीच जाईल. ‘आर’ हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. चेन्नईच्या आयसीएमआरच्या साथरोग संस्थेचा बायोमेडिकल रिसर्चचा मूलभूत कोर्स तुम्ही पीजीला असताना केलाच असेल, बहुतेक व्हिडिओ एकीकडे चालू आणि जेवण दुसरीकडे. स्वतःचे पन्नास पेपर समोर ठेवून तो परत बघा. सॅम्पल साइझचा धडा तेव्हा झोप आणत होता, आता आणणार नाही. सगळं गणित स्वतः करायला हवं असंही नाही. पण स्टॅटिस्टिशियनने ही टेस्ट का लावली हे त्याला विचारता आलं पाहिजे, आणि उत्तर कळलं पाहिजे.

प्रश्न हातात आला की जागा शोधा. भारतातच चांगल्या जागा आहेत. ‘इंडिया अलायन्स’, म्हणजे केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची संयुक्त योजना, २००८ पासून चालू आहे. तिच्यात डॉक्टरांसाठी क्लिनिकल आणि सार्वजनिक आरोग्याच्या वेगळ्या फेलोशिप असतात. पाच वर्षांच्या, पगारासह, आणि डॉक्टरला पीएचडीची सक्ती नाही. स्पर्धा कडक आहे, यजमान संस्था आणि मार्गदर्शक आधी जुळवावा लागतो. लगेच मिळेल असं धरू नका, तिसऱ्या-चौथ्या वर्षीचं लक्ष्य ठेवा. तोवर चेन्नईच्या त्याच संस्थेत साथरोगशास्त्राची एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स पदवी, करता येते. पुण्याचं केईएम रिसर्च सेंटर किंवा वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज इथे काम करणाऱ्या एखाद्या फिजिशियनला ईमेल लिहून बघा. ईमेलमध्ये बायोडेटा शेवटी, नळीची गोष्ट आधी. ‘मला संशोधनाची आवड आहे’ असं लिहिणारी पत्रं त्यांना ढिगाने येतात.

कुठेच मिळालं नाही तर? सीनियर रेसिडेन्सीचं वर्ष पूर्ण झालं की तुम्ही असिस्टंट प्रोफेसर होऊ शकता. मिरज, सांगली, सातारा, कऱ्हाड, चारही ठिकाणी मेडिकल कॉलेजं आहेत. नोकरी धरा आणि रुजू होण्याआधी, नंतर नव्हे, एचओडींकडे आठवड्यातली एक दुपार मागा. लेखी मिळाली तर उत्तम. बढतीसाठी शोधनिबंध लागतातच, तेव्हा त्यांनाही ते गैर वाटणार नाही. फक्त त्या बढतीपायी पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापणाऱ्या मासिकांच्या नादी लागू नका. ‘आदरणीय महोदय, आपल्या अमूल्य लेखासाठी’ अशी सुरुवात असलेली मेल वाचायच्या आधी पुसून टाकत जा.

पैशाचं गोड बोलून टाळत नाही. वर्षादोनवर्षांत तासगावला बसून तुम्ही जे मिळवाल ते फेलोशिपमध्ये मिळणार नाही, आणि कॉलेजच्या नोकरीतही बरीच वर्षं मिळणार नाही. घरावर कर्ज असेल तर आधी ते बघा, संशोधन कुठे पळून जात नाही. पण सासऱ्यांशी बोलताना एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. त्यांची द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीला हातात एक घड येत नाही, उलट मजुरी जाते, औषधं जातात, आणि तरी ती छाटणी कुणी चुकवत नाही, कारण ऑक्टोबरनंतर येणारा घड त्याच वेळी काडीत धरतो. त्यांना हे तुम्ही समजावायची गरज नाही. “मला एक एप्रिल द्या,” एवढं म्हणा. आणि त्यांच्या प्रश्नाचं सरळ उत्तरही द्या : पेशंट बघायचेच आहेत, पेपर त्याच पेशंटांबद्दल लिहायचेत. जमलं तर तासगावला महिन्यातले दोन रविवार द्या. त्यांना तोंडदेखलं वाटू नये म्हणून नव्हे, तालुक्याच्या ठिकाणी पेशंट आपल्याकडे यायच्या आधी काय काय होतं ते तिथे दिसतं, वॉर्डात दिसत नाही. नवऱ्याला मात्र “तुझं तू ठरव” एवढ्यावर सोडू नका. दोन वर्षं घर कुणी बघायचं, मूल कधी, हप्ते कुणाच्या पगारातून, हे त्याच्यासोबत बसून कागदावर मांडायला लावा. ठरवणं तुमचं असेल, निस्तरणं दोघांचं आहे.

राहिला थीसिस. डेटा दोन-तीन वर्षं जुना असेल तर अजून छापण्याजोगा आहे. पण आधी मूळ प्रोफॉर्मे, म्हणजे प्रत्येक पेशंटचे भरलेले तक्ते, काढा आणि मास्टर चार्ट त्यांच्याशी एकेक ओळ ताडून बघा, मग आकडेमोड स्वतः पुन्हा करा. विकत घेतलेल्या उत्तरांपेक्षा वेगळी उत्तरं आली तर तुमची छापायची, ती नव्हे, आणि फरक गाइडना दाखवून. एथिक्स कमिटीचं पत्र शोधून ठेवा, मासिक तारीख आणि क्रमांक मागतं. शंभर पानांचा थीसिस अडीच-तीन हजार शब्दांवर आणताना ‘रिव्ह्यू ऑफ लिटरेचर’ जवळजवळ सगळा जाईल, जाऊ द्या. गाइडना विचारल्याशिवाय कुठेही पाठवू नका आणि लेखकांचा क्रम आधीच मेलवर ठरवून घ्या, तोंडी नको. पहिलं नाव तुमचं. त्यावर कुणी कुरकुर केली तर मला परत लिहा.